कोकणातील प्रवासी वाहतूक आणि आपत्तिपूर्व सज्जता : ‘रामदास’ ते वाशिष्ठी (१९४७–२०२१)

प्रस्तावना

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधील कोकणाच्या चिंचोळ्या पट्ट्यात वर्षाकाठी साधारणपणे तीन हजार मिलिमीटर वा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. या प्रदेशात प्रवाशांची ने-आण करणाऱ्या कोणत्याही संस्थेला, मग ती आगबोटीची कंपनी असो, एस.टी. महामंडळ असो वा रेल्वे, पावसाळा हा अपवाद मानून चालत नाही. तो दरवर्षी ठरलेल्या हंगामात येतो. तरीही कोकणच्या वाहतुकीच्या इतिहासातील काही अत्यंत भीषण दुर्घटना पावसाळ्यातच घडल्या आहेत. जे संकट येणार हे सर्वांस ठाऊक होते, त्यास तोंड देण्याची व्यवस्था संकट येऊन गेल्यावर का उभी राहिली, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

आपत्ती व्यवस्थापनाची चर्चा बहुधा मदत व पुनर्वसनाभोवती फिरते. अपघातानंतर किती वेळात मदत पोहोचली, किती जणांना वाचविता आले, किती भरपाई मिळाली, हे प्रश्न अर्थातच महत्त्वाचे आहेत. परंतु वाहतूक संस्थेच्या बाबतीत सज्जतेची खरी कसोटी अपघातापूर्वीच्या काही मिनिटांत लागते. त्या मिनिटांत तीन गोष्टी निर्णायक ठरतात. पुढील मार्ग धोक्याचा आहे ही माहिती कोणाला आणि केव्हा मिळते? वाहन थांबविण्याचा वा त्याचा वेग कमी करण्याचा अधिकार कोणाकडे असतो? आणि एका दुर्घटनेचा धडा पुढच्या पिढीतील कर्मचाऱ्यापर्यंत नियमाच्या रूपाने पोहोचतो काय? या तीन निकषांच्या आधारे प्रस्तुत निबंधात समुद्र, लोहमार्ग आणि महामार्ग या तिन्ही मार्गांवरील घटनांचा परामर्श घेतला आहे.

सागरी मार्ग : ‘रामदास’ बोटीची दुर्घटना

रेल्वे येण्यापूर्वी आणि घाटरस्ते सुधारण्यापूर्वी मुंबई आणि कोकण यांना जोडणारा मुख्य मार्ग समुद्राचा होता. गिरणगावात कामास असलेला चाकरमानी गणपतीला वा शिमग्याला गावी जाई तो भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसून. परदेशी कंपन्यांच्या स्पर्धेत देशी भांडवलावर उभ्या राहिलेल्या इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन कंपनीला लोक आपुलकीने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. ‘रामदास’ ही याच कंपनीची बोट. इंग्लंडमधील स्वॉन हंटर या कारखान्यात १९३६ साली ती बांधली गेली होती.

दि. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, ‘रामदास’ सकाळी भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघाली. अंतर थोडे, प्रवास रोजच्या सवयीचा. मात्र बंदराबाहेर वादळी वारा आणि उंच लाटा यांत सापडून ती काशाच्या खडकाच्या परिसरात कलंडली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्यदिन एका महिन्याच्या आत येऊन ठेपला असताना मुंबई आणि कुलाबा जिल्ह्यातील शेकडो घरांवर ही आपत्ती कोसळली.

या दुर्घटनेतील एक बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. बोटीवर बिनतारी संदेश यंत्रणा नव्हती. सकाळी बोट बुडाली तरी मुंबईस तिचा पत्ता नव्हता. पोहत किनारा गाठलेल्या प्रवाशांच्या तोंडून ही वार्ता शहरात पोहोचली तेव्हा दुपार झाली होती. या मधल्या तासांत जी काही माणसे वाचली त्याचे श्रेय किनाऱ्यावरील कोळी बांधवांकडे जाते. मासेमारीच्या होड्या घेऊन ते स्वयंस्फूर्तीने बुडणाऱ्यांच्या मदतीस धावले होते.

पहिल्या दोन निकषांवर पाहता ‘रामदास’च्या प्रसंगी व्यवस्थेचा अभावच दिसतो. समुद्राची स्थिती सांगणारा बोटीपर्यंत पोहोचू शकत नव्हता, आणि बोटीवरील माणसांची हाक किनाऱ्यापर्यंत पोहोचू शकत नव्हती. निघावे की न निघावे याचा निर्णय धक्क्यावरच्या गर्दीच्या साक्षीने घ्यावा लागे. तिसऱ्या निकषाचे उत्तर तर अधिक बोचरे आहे. याच दुर्घटनेच्या वीस वर्षे आधी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ ही दोन प्रवासी जहाजे एकाच दिवशी बुडाली होती. म्हणजे इशारा मिळालेला होता, परंतु तो ऐकून घेणारी व कायम लक्षात ठेवणारी यंत्रणा नव्हती.

‘रामदास’नंतर प्रवासी बोटींवर संदेशवहनाची साधने असावीत आणि पावसाळ्यात उघड्या समुद्रातील प्रवासी वाहतूक थांबवावी, असा आग्रह धरला गेला. गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा या मार्गावरील लाँच पावसाळ्यात बंद ठेवण्याचा प्रघात आजही आहे. समुद्राच्या बाबतीत समाजाने एक साधा पण मोलाचा धडा स्वीकारला तो हाच, की काही दिवस न जाणे हीदेखील वाहतुकीची शिस्त आहे.

लोहमार्ग : डोंगर कापून आलेली गाडी

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९ जुलै १९९० रोजी झाली. मधु दंडवते व जॉर्ज फर्नांडिस या नेत्यांचा पाठपुरावा आणि ई. श्रीधरन यांचे नेतृत्व यांमुळे हे काम मार्गी लागले. केंद्र सरकारबरोबरच महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही राज्ये महामंडळात भागीदार झाली. रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर असा सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला. सुमारे नव्वद बोगदे, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल, रत्नागिरीनजीकचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, पानवल नदीवरील ६४ मीटर उंचीचा पूल ही या कामाची ठळक वैशिष्ट्ये. दीर्घकाळ जपलेले स्वप्न साकार झाल्याची भावना त्या काळात सर्वत्र होती, आणि ती अवाजवी नव्हती.

तथापि मार्ग बांधण्याचे आव्हान आणि मार्ग चालविण्याचे आव्हान ही दोन वेगळी प्रकरणे होती. गाडीचा वेग राखण्यासाठी मार्ग शक्य तितका सरळ व सपाट ठेवण्यात आला. त्याची किंमत म्हणून डोंगर खोलवर कापावे लागले. कोकणात वरती जांभा, त्याखाली मऊ चिकणमातीचे थर आणि त्याखाली काळा पाषाण अशी रचना अनेक ठिकाणी आढळते. जांभ्यातून पाणी झिरपते, खालची माती फुगते व घसरते आणि वरचे दगड आधार गमावून खाली येतात. पेडण्याच्या बोगद्याने बांधकामाच्या वेळीच या मातीचा स्वभाव दाखवून दिला होता. तेथे वारंवार माती ढासळल्याने शेवटचा टप्पा लांबला. उभ्या कापलेल्या बाजूंना नवे नैसर्गिक संतुलन साधण्यास अनेक पावसाळे लागतात. गाड्या मात्र पहिल्या पावसाळ्यापासूनच धावू लागल्या.

दि. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईकडे येणारी सुट्टीची विशेष गाडी सिंधुदुर्ग जिल्ह्यात वैभववाडी व राजापूर रोड या स्थानकांदरम्यान बोगद्याच्या तोंडाशी रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली. पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. वर्ष पूर्ण होण्याच्या आत, १६ जून २००४ रोजी पहाटे, मंगळूरहून मुंबईस येणारी मत्स्यगंधा एक्स्प्रेस महाड तालुक्यात करंजाडीजवळ रुळांवर पडलेल्या दगडांमुळे घसरली व इंजिनासह काही डबे पुलावरून खाली कोसळले. तेथेही दहाहून अधिक जीव गेले.

या दोन अपघातांतील साम्य ध्यानात घेण्याजोगे आहे. दोन्ही वेळी दरड कोसळणे आणि गाडी तेथे पोहोचणे यांमध्ये चालकाला सावध करणारा दुवा नव्हता. दोन्ही वेळी अंधार वा अपुरा प्रकाश आणि पाऊस होता. दोन्ही अपघात जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, म्हणजे उन्हाने तापलेल्या, भेगाळलेल्या जमिनीत पहिले जोरदार पाणी शिरण्याच्या काळात घडले. यास आणखी एका गोष्टीची जोड द्यावी लागेल. ऑगस्ट १९९९ मधील गैसल येथील भीषण टकरीनंतर याच महामंडळाचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांच्या पुढाकाराने दोन गाड्यांची टक्कर टाळणारे ‘रक्षा कवच’ हे उपकरण विकसित होत होते. देशभरातील रेल्वेच्या दृष्टीने हा प्रयत्न स्तुत्य होता. परंतु कोकणच्या मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीपेक्षा बाजूचा डोंगर हा अधिक निकटचा धोका आहे, हे या दोन जून महिन्यांनी अतिशय कठोरपणे शिकविले.

नियमात उतरलेला धडा

रेल्वेच्या बाबतीत गंभीर अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडून होते. १९८९ च्या रेल्वे कायद्यात तशी तरतूद आहे, आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे अपघाताची कारणमीमांसा करणारा अधिकारी आणि गाड्या चालविणारी संस्था यांत काहीएक अंतर राखले जाते. या व्यवस्थेमुळे धडा केवळ शोकसभेपुरता न राहता कार्यपद्धतीत उतरण्यास वाव मिळतो.

त्यानंतरच्या दोन दशकांत कोकण रेल्वेवर जी व्यवस्था घडत गेली तिचे तीन भाग पडतात. पहिला भाग डोंगराशी संबंधित. कापलेल्या बाजूंचा उतार कमी करणे, दगड अडविणाऱ्या पोलादी जाळ्या लावणे, खडकात व मातीत लोखंडी सळया ठोकून ते बांधून ठेवणे, सिमेंटचा फवारा मारणे, संरक्षक भिंती उभारणे, इतकेच नव्हे तर माती धरून ठेवण्यासाठी वाळ्याची लागवड करणे अशी कामे टप्प्याटप्प्याने झाली. कोकणी माणसाने शतकानुशतके सुगंधासाठी व उन्हाळ्यातील गारव्यासाठी जपलेली वाळ्याची मुळे येथे रेल्वेच्या सुरक्षेस उपयोगी पडली.

दुसरा भाग माहितीचा. पावसाळ्यात शेकडो कर्मचारी मार्गावर गस्त घालतात. धोक्याच्या जागी रात्रंदिवस पहारा ठेवला जातो. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली, मडगाव, कारवार, भटकळ व उडुपी येथे पावसाची स्वयंचलित नोंद होते. काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांवरील पुलांवर पाणी धोक्याच्या पातळीवर गेल्यास इशारा देणारी यंत्रणा आहे. पानवल, मांडवी, झुआरी व शरावती येथील पुलांवर वाऱ्याचा वेग मोजला जातो. सरासरी एक किलोमीटर अंतरावर गस्तवाल्यास वा चालकास नियंत्रण कक्षाशी बोलता येईल अशी आपत्कालीन दूरध्वनीची जोडणी देण्यात आली. ‘रामदास’च्या दिवशी बोट आणि किनारा यांच्यामध्ये जे मौन होते, ते मोडण्याचा हा लोहमार्गावरील प्रयत्न म्हणावा लागेल. रत्नागिरी व वेर्णा येथे शस्त्रक्रियेची सोय असलेल्या स्वयंचलित वैद्यकीय मदत गाड्या सज्ज ठेवल्या जातात. मात्र हे मदतकार्याचे अंग अन्य सर्व उपाय अपुरे पडल्यावर उपयोगात यावयाचे आहे.

तिसरा भाग वेगाचा, आणि तोच सर्वांत निर्णायक. मुसळधार पावसात दृष्टिपथ कमी झाल्यास गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने चालवावी, अशी सूचना चालकांना असते. याखेरीज संपूर्ण पावसाळ्यासाठी गाड्यांचे स्वतंत्र, संथ वेळापत्रक लागू होते. हे पावसाळी वेळापत्रक वरकरणी प्रवाशाची गैरसोय वाटते. वस्तुतः ते आपत्तिपूर्व सज्जतेचे सर्वांत परिणामकारक साधन आहे. उन्हाळ्याच्याच वेळापत्रकाने धावणारा चालक पावसात वेग कमी करतो तेव्हा त्याच्या नावावर उशीर जमा होतो. वेळापत्रकच संथ असेल तर सावधगिरी हा त्याचा दोष ठरत नाही. एका व्यक्तीच्या धैर्यावर अवलंबून असलेला निर्णय अशा रीतीने संस्थेने आपल्या शिरावर घेतला.

महामार्ग : सावित्रीवरील पूल

एका संस्थेने शिकलेला धडा शेजारच्या संस्थेपर्यंत आपोआप पोहोचत नाही, हे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दिसून आले. महाडजवळ मुंबई–गोवा महामार्गावर सावित्री नदीवर १९२८ साली बांधलेला दगडी कमानींचा पूल होता. त्याच्या बाजूस नवा पूल झाल्यावरही एका दिशेची वाहतूक जुन्या पुलावरून चालू होती. महाबळेश्वरच्या परिसरात झालेल्या अतिवृष्टीमुळे नदीला महापूर आला आणि रात्रीच्या काळोखात जुना पूल वाहून गेला. जयगड–मुंबई व राजापूर–बोरिवली या दोन एस.टी. बसेस व अन्य वाहने नदीत गेली. चाळिशीच्या आसपास माणसे दगावली वा बेपत्ता झाली. शेजारच्या गॅरेजमधील एका कामगाराच्या ध्यानात पूल नाहीसा झाल्याचे आले व त्याने यंत्रणेस खबर दिल्यामुळे पुढील वाहने थांबली.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात या पुलाची तपासणी होऊन तो वाहतुकीस धोकादायक नसल्याचा निर्वाळा देण्यात आला होता, असे शासनाने विधिमंडळात सांगितले. येथे तपासणीच्या तारखेपेक्षा तिची पद्धत अधिक विचारात घ्यावी लागते. कोरड्या नदीतील पुलाची मे महिन्यातील पाहणी आणि ऑगस्टमधील महापुरात त्याच पुलाची वर्तणूक यांत महदंतर असते. पावसाळ्यात प्रत्यक्ष पाण्याची पातळी पाहून वाहतूक थांबविणारी व्यक्ती वा यंत्रणा त्या रात्री पुलावर नव्हती. पूल एका विभागाचा, बस दुसऱ्या महामंडळाची, वाहतूक नियंत्रण पोलिसांचे, पावसाची माहिती हवामान खात्याची. धोक्याचा प्रत्येक तुकडा कोणा ना कोणाच्या ताब्यात होता. ते सारे तुकडे जोडून लाल दिवा दाखविण्याचे कर्तव्य मात्र कोणाकडेच सोपविलेले नव्हते. बसचालकाला अंधारात पुढचा रस्ता संपला आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता.

ज्या सावित्रीला रेल्वे धोक्याची नदी मानून तिच्यासाठी स्वतंत्र पूरइशारा व्यवस्था राखते, त्याच सावित्रीकाठी महामार्गावरील प्रवाशांचे रक्षण एका गॅरेजातील कामगाराच्या सजगतेवर अवलंबून राहिले. १९४७ मध्ये कोळी बांधवांनी जे केले तेच २०१६ मध्ये या कामगाराने केले. समाजाची ही माणुसकी वंदनीय आहे, परंतु तिच्यावर विसंबून राहणारी संस्था सज्ज म्हणता येणार नाही. पुढे नवा पूल अवघ्या १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला. पुनर्बांधणीची ही तत्परता प्रशंसनीय होती. तितकीच तत्परता पूरइशाऱ्याच्या कामी दाखविणे कमी खर्चाचे ठरले असते.

वाशिष्ठीची परीक्षा

दि. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. बाजारपेठ, एस.टी. आगार, रुग्णालये यांपैकी काहीच सुटले नाही. त्या दिवशी चिपळूण व कामथे या स्थानकांदरम्यानच्या रेल्वे पुलावर पाणी धोक्याच्या पातळीवर पोहोचताच गाड्या जागोजागच्या स्थानकांत रोखून धरण्यात आल्या. नऊ गाड्यांतील सुमारे सहा हजार प्रवासी अडकून पडले. त्यांना चहा, नाश्ता, भोजन पुरविण्यात आले. प्रवाशांचे हाल झाले, वेळ गेला, गाड्या रद्द झाल्या. परंतु कोणतीही गाडी त्या पुलावर संकटात सापडली नाही.

इतिहासलेखनात अशा दिवसांची नोंद क्वचितच होते, कारण त्या दिवशी रेल्वेवर अपघात ‘घडला नाही’. वैभववाडी व करंजाडी येथील मृतांचा हिशोब मांडता येतो. वाशिष्ठीच्या पुलाअलीकडे थांबलेल्या सहा हजार जणांपैकी किती जण त्यामुळे वाचले, हे कोणासही सांगता येणार नाही. सज्जतेचे यश नेहमी असेच अदृश्य राहते आणि त्यामुळेच काळाच्या ओघात ते खर्चिक व अनावश्यक भासू लागते. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्यात भिंतीचा भाग कोसळला. जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी व चिखल शिरला आणि त्यानंतर काही दिवसांतच खेडनजीक दिवाणखवटीजवळ दरड आली. प्रत्येक वेळी गाड्या थांबविल्या वा अन्य मार्गाने वळविल्या गेल्या. डोंगराचा स्वभाव पालटलेला नाही, व्यवस्था जागी राहिली, एवढाच याचा अर्थ.

समारोप

उपरोक्त घटनांतून असे दिसते की, कोकणात वाहतूक सुरक्षेची प्रत्येक पायरी माणसांच्या प्राणांच्या मोबदल्यात चढली गेली. बिनतारी यंत्रणेचे महत्त्व ‘रामदास’ने, डोंगराकडे पाहण्याची गरज वैभववाडी व करंजाडीने आणि जुन्या पुलांवर पावसाळ्यात पहारा ठेवण्याची निकड सावित्रीने पटविली. यांतील रेल्वेचा धडा तुलनेने टिकाऊ ठरला, कारण तो चौकशीच्या कायदेशीर व्यवस्थेतून, वेळापत्रकासारख्या दैनंदिन दस्तऐवजात उतरला. रस्त्यांच्या बाबतीत जबाबदारी अनेक विभागांत विखुरलेली असल्याने धडा मुरण्यास तशी जागा राहिली नाही.

तथापि नियमात उतरलेला धडाही कायमचा सुरक्षित नसतो. अनेक वर्षे पावसाळी वेळापत्रक १० जून ते ३१ ऑक्टोबर असे १४४ दिवसांचे असे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे १२८ दिवसांचे करण्यात आले. डोंगरउतारांवर झालेली कामे पाहता काही दिवस कमी करणे कदाचित समर्थनीयही असेल. परंतु त्याच वर्षी मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन पोहोचला होता, म्हणजे वेळापत्रक बदलण्याच्या तीन आठवडे आधी. मत्स्यगंधा एक्स्प्रेसचा अपघात १६ जूनचा होता, हेही येथे स्मरणीय आहे. मुसळधार पावसात वेग कमी करण्याची सूचना वर्षभर लागू असली तरी वेळापत्रकाचे संरक्षण नसलेल्या दिवसांत तिचा भार पुन्हा एकट्या चालकाच्या विवेकावर येतो. म्हणून पावसाळी वेळापत्रकाच्या तारखा दिनदर्शिकेवरून ठरविण्याऐवजी मार्गावरील नऊ केंद्रांतील पावसाच्या नोंदी व हवामान खात्याचा अंदाज यांच्याशी जोडणे इष्ट ठरेल. त्याचप्रमाणे काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांवरील रेल्वे पुलांची पाणीपातळीची माहिती त्याच क्षणी महामार्ग पोलीस व एस.टी. आगारांपर्यंत पोहोचण्याची कायमस्वरूपी व्यवस्था असणे आवश्यक आहे. नदी एकच आहे, तिच्यावरील पूल मात्र वेगवेगळ्या खात्यांचे आहेत.

कोकणातील जुन्या तांडेलाला समुद्र खवळलेला असता होडी किनाऱ्यावर ओढून ठेवण्यात कमीपणा वाटत नसे. नारळी पौर्णिमेला समुद्रास नारळ अर्पण केल्यावरच होडी पाण्यात लोटावयाची, ही प्रथा म्हणजे एका अर्थी त्या समाजाचे पावसाळी वेळापत्रकच होते. आधुनिक वाहतूक संस्थांनी वेग, क्षमता व अंतर यांवर मोठे विजय मिळविले. केव्हा थांबावे याचे ज्ञान मात्र त्यांना पुन्हा नव्याने मिळवावे लागले, आणि ते टिकवून ठेवणे हेच यापुढील काळातील त्यांचे प्रमुख कर्तव्य राहील.